आडनावाचा शोध : जुने कागद कुठे मिळतात आणि डीएनए चाचणी काय सांगते?

आपले मूळ आडनाव कोणते? आजोबा गाव सोडून मुंबईला आले तेव्हा त्यांनी ते बदलले का? शेजारच्या तालुक्यात आपल्याच आडनावाची दहा घरे आहेत, ती आपल्या भावकीतली आहेत का? बौद्ध कुटुंबांमध्ये हे प्रश्न अनेकदा निघतात. कधी मुलाच्या जात पडताळणीसाठी वंशावळ लिहायची असते. कधी परदेशात शिकणारी नात डीएनए चाचणीचे किट मागवते आणि अहवाल वाचून घरी फोन करते. हा शोध पद्धतशीरपणे कसा घ्यावा, कोणता पुरावा कशासाठी उपयोगी आहे आणि कुठे थांबावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घेऊ. आडनाव रक्तातून येत नाही, ते कोणीतरी कधीतरी लिहिलेले असते. मास्तरांनी, तलाठ्याने, पलटणीच्या कारकुनाने किंवा स्वतः आपल्या पूर्वजाने. म्हणून आडनावाचा शोध म्हणजे आधी कागदांचा शोध. डीएनए त्यानंतर येते आणि तेही मर्यादित कामासाठी.

बाबासाहेबांच्या आडनावाचे उदाहरण

बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. आजोबा मालोजी सकपाळ, वडील सुभेदार रामजी सकपाळ. पण ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश झाला तेव्हा रजिस्टरला १९१४ क्रमांकावर नाव लागले ते ‘भिवा रामजी आंबेडकर’. आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि त्यातून आंबेडकर. हे आडनाव शिक्षकांनी दिले, अशी गोष्टही सर्वत्र सांगितली जाते.

या एका उदाहरणातून संशोधनाचे तीन नियम मिळतात. पहिला, आजोबा-वडील एका आडनावाचे आणि मुलगा दुसऱ्या आडनावाचा, हे आपल्या समाजात नेहमीचे आहे. दुसरा, ‘कर’ लागलेल्या आडनावामागे बहुतेक वेळा गाव असते आणि ते आडनाव माणूस गावाबाहेर पडल्यावर लागते. गावात राहून सगळेच त्या गावचे, तिथे त्या नावाने कोणाची वेगळी ओळख पटत नाही. तिसरा, रजिस्टरमधली नोंद हा कागद आहे आणि कुटुंबात सांगितली जाणारी गोष्ट ही आठवण आहे. दोन्ही जपाव्यात, पण वहीत वेगवेगळ्या लिहाव्यात.

आडनावाच्या आधी काय होते?

दीडशे-दोनशे वर्षे मागे गेलो तर बऱ्याच कागदांवर आडनावच सापडत नाही. तिथे असते माणसाचे नाव, बापाचे नाव आणि जात. आपल्या पूर्वजांच्या नावांना ‘नाक’ हा प्रत्यय लागत असे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर कोरलेली आहेत. त्यातली बावीस नावे ‘नाक’ प्रत्ययामुळेच महार सैनिकांची म्हणून ओळखता येतात. म्हणून जुन्या कागदात आपले आजचे आडनाव दिसले नाही, तर आपले पूर्वज त्या गावात नव्हतेच, असा निष्कर्ष काढू नये. बापाचे नाव, गाव आणि ‘नाक’ यांवरून शोध घ्यावा.

दुसरा गोंधळ समान आडनावांचा. जाधव, पवार, मोरे, शिंदे, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत आहेत. त्यामुळे केवळ आडनावावरून ना जात ठरते, ना नाते. ‘आमचे आडनाव अमुक, म्हणजे आम्ही मूळचे अमुक राजघराण्याचे’ असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींचा आधार नसेल तर तो बाजूला ठेवावा.

पहिले काम घरात

कचेरीत जाण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा आणि बोलणे मोबाइलवर नोंदवून घ्या. पुढचे प्रश्न उपयोगी पडतात :

• आजोबा-पणजोबांची नावे काय? त्यांना गावात कोणत्या नावाने हाक मारत?
• आजी कोणत्या गावची? तिचे माहेरचे आडनाव काय? पणजी कुठली?
• कोणत्या घराशी सोयरीक होत नव्हती, कारण ते भाऊबंद मानले जात?
• १९५६ पूर्वी घरात कोणते देवक, कोणते कूळ सांगत? विदर्भातले असाल तर बावणे, लाडवण, कोसरे, बारके यांपैकी पोटजात कोणती?
• गाव कोणत्या साली आणि कशामुळे सोडले? कोणाच्या ओळखीने, कोणत्या चाळीत उतरले?
• कोणी सैन्यात, रेल्वेत, गिरणीत, गोदीत किंवा नगरपालिकेत कामाला होते का?

देवक-कुळीचा प्रश्न काहींना खटकेल. धम्मदीक्षेनंतर आपण त्या गोष्टी सोडल्या आणि ते योग्यच केले. पण एकाच देवकाच्या घरांत लग्ने होत नसत, म्हणून ती माहिती भावकी शोधण्याचा धागा आहे. माहिती विचारली म्हणजे प्रथा पाळली असे होत नाही.

माहेरची आडनावे आवर्जून लिहा. आपल्याकडच्या वंशावळीत बाप-मुलगा-नातू एवढेच लिहितात आणि अर्धे कुटुंब गळते. काही घराण्यांत एखाद्या पिढीला बापाचे नाव नसून आईचेच नाव असते. मुरळी-देवदासी प्रथेत ढकलल्या गेलेल्या स्त्रियांच्या मुलांबाबत असे घडले आहे. त्या आईचे नाव वंशावळीत खाली मान घालून लिहायचे नाही. तिने घर चालवले, म्हणून तर आपण आहोत.

कोणते कागद, कुठे मिळतात?

शाळेचे रजिस्टर : सर्वांत आधी हेच शोधा. आजोबा-चुलत आजोबा ज्या प्राथमिक शाळेत गेले, तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवहीत, नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख आणि आधीची शाळा असते. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून ‘प्रवेश-निर्गम उतारा’ मागावा. भावंडांपैकी एकाचे आडनाव सकाळच्या मास्तरांनी एक आणि दुसऱ्याचे दुसऱ्या गावच्या मास्तरांनी वेगळे लिहिलेले असू शकते, म्हणून सगळ्या भावंडांच्या नोंदी काढाव्यात.

जन्म-मृत्यूच्या नोंदी : जुन्या गाव दप्तरात गाव नमुना १४ म्हणून जन्म-मृत्यूची नोंदवही ठेवली जाई, अनेक ठिकाणी तिला कोतवाल बुक म्हणतात. ती बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत महापालिकेच्या नोंदी पाहाव्यात.

जमिनीचे कागद : सातबारा आजची स्थिती सांगतो. वंशावळीसाठी खरा उपयोग फेरफार नोंदवहीचा, म्हणजे गाव नमुना ६ चा. खातेदार वारला की वारस नोंद होते आणि तिथे विधवा, मुलगे, मुली यांची नावे एकत्र येतात. बऱ्याच तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत.

वतनाचे कागद : जमीन नसलेल्या अनेक कुटुंबांच्याही नावाने महार वतनात हिस्सा असे. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांच्या नोंदी झाल्या. या वतनाने आपल्या लोकांना गावाच्या वेठीला बांधले, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा १९५८ मध्ये झाला आणि जमिनी वतनदारांना नवीन शर्तीने परत देण्याची प्रक्रिया सुरू झाली. त्या प्रकरणांत हिस्सेदारांची नावे आणि त्यांचे नाते येते. ज्या कागदांनी गुलामी नोंदवली, त्याच कागदांत आपल्या खापर पणजोबांचे नाव सापडते. भूमिअभिलेख कार्यालय आणि तहसीलच्या इनाम-वतन दप्तरात चौकशी करावी.

मराठवाडा आणि विदर्भ : निजामाच्या राजवटीतल्या गावांसाठी खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक पाहावे, त्याआधीचे कागद उर्दू-फारसीत आहेत. विदर्भात अधिकार अभिलेख आणि निस्तार पत्रकाकडे वळावे.

सैन्याच्या नोंदी : ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून मुंबई फौजेत आपले लोक मोठ्या संख्येने होते. १८९० च्या दशकात भरती बंद झाली, पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली. दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्या सैनिकांची यादी राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. भारतीय सैनिकांच्या अनेक नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हाही दिलेला आहे. घरात जुने पेन्शन बुक किंवा बिल्ला असेल तर त्यावरचा नंबर टिपून ठेवा.

राजपत्र आणि सेवापुस्तक : ज्यांनी रीतसर आडनाव बदलले त्यांची जाहिरात शासन राजपत्रात आलेली असते. जुने नाव आणि नवे नाव एकाच ओळीत मिळणारा हा कागद आहे. रेल्वे, नगरपालिका, दारूगोळा कारखाना अशा ठिकाणच्या नोकरदारांचे सेवापुस्तकही पाहावे.

पुराभिलेखागार : राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची दप्तरे मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. पुण्याचे पेशवे दप्तर मुख्यतः मोडीत आहे. मोडी वाचणारा जाणकार सोबत घ्यावा, किंवा कुटुंबातल्या एखाद्या तरुणाने मोडी शिकावी. समाजात मोडी वाचणारी माणसे वाढणे फार गरजेचे आहे.

परदेशी गेलेले पूर्वज : एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला मजूर गेले. त्यांच्या आगमनाच्या नोंदवह्या तिथल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. त्यांत बापाचे नाव, जात आणि गाव असे रकाने आहेत.

एक मार्ग मात्र बंद आहे. ब्रिटन-अमेरिकेत जुन्या जनगणनेची घरनिहाय पाने ठरावीक वर्षांनी खुली होतात. आपल्याकडे जनगणना कायदा १९४८ नुसार व्यक्तीची माहिती गोपनीय राहते. म्हणून १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख ९० हजार बौद्धांची नोंद झाली हे आपल्याला कळते, पण त्यात आपल्या आजोबांचे पान पाहायला मिळत नाही.

कागद वाचताना घ्यायची काळजी

एकच माणूस तीन कागदांत तीन नावांनी येतो. घरी ज्यांना आदराने ‘धोंडीबा’ म्हणत, त्यांचे नाव वरच्या जातीचा कारकून ‘धोंड्या’ असे लिही. हा अपमान नोंदीतही उतरला आहे. आपल्या वहीत मूळ नोंद जशीच्या तशी उतरवावी, पण वंशावळ लिहिताना घरचे आदराचे नाव लिहावे.

सनांकडे नीट पाहावे. शके असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढतात. निजामी कागदांतल्या फसली सालात साधारण ५९० मिळवावे लागतात. एवढ्या चुकीने बाप मुलापेक्षा लहान ठरतो. कोणतेही नाते पक्के मानण्यापूर्वी निदान दोन वेगळे कागद जुळले पाहिजेत. एकाच कागदावर आधारलेले नाते पेन्सिलने लिहून ठेवावे.

डीएनए चाचणी : तीन प्रकार, तीन उपयोग

वाय गुणसूत्र चाचणी : वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला मिळते. आडनावही आपल्याकडे त्याच वाटेने जाते, म्हणून आडनावाच्या शोधात हीच चाचणी सर्वांत जवळची. समजा, दोन तालुक्यांतल्या दोन घरांचे आडनाव एक आहे आणि जुने लोक ‘आपण एकच भावकी’ म्हणतात. दोन्ही घरांतल्या एकेका पुरुषाने सविस्तर वाय चाचणी केली आणि ती जवळून जुळली, तर पितृवंश एक असल्याचा चांगला पुरावा मिळतो. अजिबात जुळली नाही, तर सलग पितृवंश एक नाही एवढेच कळते. मधल्या पिढीत दत्तक, घरजावई किंवा पाट लागल्यावर सोबत आलेले मूल असू शकते. ते घर भावकीतले नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

मातृवंश चाचणी : मायटोकॉन्ड्रियाचे डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळते, पण पुढे फक्त मुली ते देतात. आई, आजी, पणजी अशी सरळ रेषा यात दिसते. ते फार हळू बदलते, त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीची शाखा कळते, अलीकडचे नाते क्वचितच.

सर्वसाधारण चाचणी : बाजारातली बहुतेक किट या प्रकारची असतात. यात आई-बाप दोघांकडून आलेल्या डीएनएची तुलना होते. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मे, सख्ख्या चुलत-मामे भावंडांत साडेबारा टक्के, त्यापुढच्या पिढीत सुमारे तीन टक्के आणि त्याहून पुढे एक टक्क्यापेक्षाही कमी डीएनए समान असते. चार-पाच पिढ्यांपलीकडे खरे नातेवाईकही जुळतीलच असे नाही.

इथे आपल्यासाठी एक मोठा इशारा आहे. कंपन्यांचे गणित अशा समाजांवर बेतलेले असते, जिथे नवरा-बायको सहसा दूरच्या घरांतले असतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, पोटजातीतच आणि अनेकदा मामाच्या मुलीशी लग्ने झाली. त्यामुळे दोन अनोळखी माणसांतही बरेच डीएनए समान निघते आणि अहवाल त्यांना ‘तिसऱ्या पिढीतले भावंड’ ठरवतो, जेव्हा प्रत्यक्ष नाते कितीतरी दूरचे असते. शिवाय जुळणी त्याच कंपनीकडे चाचणी केलेल्यांशीच होते, आणि आपल्या समाजातले फार थोडे लोक तिथे आहेत. जुळणारे कोणी निघाले नाही तर निराश होऊ नये.

डीएनए जे सांगत नाही

डीएनए जात सांगत नाही. अहवालात येणारा हॅप्लोग्रुप हा हजारो वर्षे जुन्या शाखेचे नाव आहे आणि एकच हॅप्लोग्रुप अनेक जातींत, अनेक प्रांतांत सापडतो. त्यावरून ‘आम्ही नागवंशी सिद्ध झालो’ किंवा ‘आम्ही क्षत्रिय निघालो’ असे म्हणणे शास्त्राला धरून नाही. धम्म तर डीएनएत नसतोच. तो आपण स्वीकारला आहे.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्यांनी मांडले की, जातीचे मर्म वंशभेदात नसून जातीअंतर्गत विवाहात आहे. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी शरीरमापनाची आकडेवारी तपासून अस्पृश्यांचा वंश वेगळा असल्याचा सिद्धान्त फेटाळला. २०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी ७३ भारतीय गटांचे डीएनए तपासले. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले लोक मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ते मिसळणे थांबत गेले, असे त्यांना आढळले. म्हणजे भिंती नंतर उभ्या राहिल्या. डीएनए अहवालातून काही शिकायचेच असेल तर ते हे शिकावे.

जात पडताळणीला काय लागते?

इथे अनेकांचा गैरसमज होतो. जात पडताळणी समिती कागद, शपथपत्रावरची वंशावळ आणि गरज पडल्यास चौकशी अहवाल पाहते. खासगी कंपनीचा डीएनए अहवाल जातीचा पुरावा ठरत नाही, त्यासाठी पैसे घालवू नका. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा असतो. तो अर्जदाराचा नसला तरी वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या व्यक्तीचा चालतो, म्हणूनच चुलत आजोबांचा शाळेचा उतारा मोलाचा ठरतो. कागदांवर आडनाव वेगवेगळे असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, हे जोडणारा कागद आधीच शोधून ठेवावा. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, त्यामुळे जुन्या कागदावर ‘महार’ आणि नव्यावर ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असणे स्वाभाविक आहे. घाबरून जुन्या कागदात खाडाखोड करू नये. त्याने खरा पुरावाही बाद होतो.

थुंकी पाठवण्यापूर्वी

डीएनए एकट्याचे नसते. आपण नमुना दिला की भावंडे, मुले, चुलते यांचीही माहिती बाहेर जाते. २०२३ मध्ये ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून घरच्यांना विचारून, नमुना नष्ट करण्याची आणि माहिती पुसण्याची सोय आहे का हे पाहूनच चाचणी करावी. वडिलांबाबत अनपेक्षित गोष्ट पुढे आली तर ती कोणाला सांगायची, कशी सांगायची, हेही आधी ठरवावे. कुतूहलापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा मान मोठा आहे. जिवंत व्यक्तींचे तपशील समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

विहारातून करता येईल असे काम

हे काम एकट्याने केले तर महाग आणि थकवणारे आहे, दहा घरांनी मिळून केले तर सोपे आहे. एका गावच्या घरांनी विहारात एक वही ठेवावी. प्रत्येक घराची पाच पिढ्यांची वंशावळ, स्त्रियांच्या माहेरच्या नावांसह, आणि प्रत्येक नावापुढे कागदाचा दाखला. उताऱ्यांच्या प्रती एका फाइलमध्ये, फोटो दोन वेगळ्या ठिकाणी. गावचे जुने रजिस्टर वाळवीने खाण्याआधी त्याची नक्कल निघाली पाहिजे. आणि ऐंशी-नव्वदीतली माणसे आहेत तोवर त्यांचे बोलणे नोंदवले पाहिजे.

जुने आडनाव सापडले तर ते परत लावायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. कोणी जात लपवण्यासाठी नाव बदलले असेल, कोणी गावाची आठवण म्हणून, कोणी केवळ मास्तरांनी लिहिले म्हणून. ज्या काळात ओळख सांगितली की खोली मिळत नसे, त्या काळातल्या माणसाने घेतलेला निर्णय आजच्या सुरक्षित घरात बसून चुकीचा ठरवू नये. तो का घेतला, हे मात्र लिहून ठेवावे. तोही आपल्या चळवळीचाच इतिहास आहे.

जयभीम!